रोबोट स्पर्धा भरते कुठे आणि पैसा कुणाचा?



"विभागीय" हा शब्द आपल्या राज्यात फार स्वस्त झाला आहे. शाळा सुरू झाल्या की शालेय रोबोटिक्स स्पर्धांची पत्रकं व्हॉट्सअॅपवर फिरू लागतात. "महाराष्ट्र विभागीय फेरी", "पश्चिम भारत प्रादेशिक फेरी" अशी भारदस्त नावं असतात. मग खाली स्थळ वाचा. पुण्याच्या बाह्यवळणावरची एखादी आंतरराष्ट्रीय शाळा, नवी मुंबईतलं खाजगी विद्यापीठ, फारच उदार झाले तर नागपूर. राज्यात महसुली विभाग सहा आहेत. छत्रपती संभाजीनगर विभागात आठ जिल्हे येतात, अमरावती विभागात पाच. या तेरा जिल्ह्यांतल्या मुलांसाठी "विभागीय" म्हणजे रात्रभराचा प्रवास. नाव अख्ख्या विभागाचं घ्यायचं आणि स्पर्धा एका उपनगराची भरवायची, असा हा धंदा आहे.

आपल्यातले बरेच कार्यकर्ते या विषयाकडे बघतच नाहीत. शिष्यवृत्ती अडकली की आपण मोर्चा काढतो, वसतिगृहात अळ्या सापडल्या की कलेक्टर ऑफिससमोर बसतो, आणि ते केलंच पाहिजे. पण रोबोटची स्पर्धा म्हटली की "ते श्रीमंतांच्या पोरांचे चोचले" म्हणून सोडून देतो. मला ही सवय धोक्याची वाटते. या स्पर्धांची प्रमाणपत्रं परदेशी विद्यापीठांच्या अर्जाला जोडली जातात, इंटर्नशिपच्या मुलाखतीत दाखवली जातात. बारावीच्या मार्कांत आपली मुलं बरोबरीला येऊ लागली, तसा मार्कांपलीकडचा "प्रोफाइल" नावाचा नवा दरवाजा बसवला गेला. एम.ए.ला असताना सांस्कृतिक भांडवल या संकल्पनेवर मी टिपणं काढली होती. तेव्हा ती पुस्तकी वाटली होती. आता ती मला प्लास्टिकच्या खोक्यात, चाकं आणि मोटरींच्या रूपात दिसते.

आधी खोक्याबद्दलच बोलू. जगभर चालणाऱ्या बऱ्याच शालेय स्पर्धा वर्षानुवर्षं लेगो कंपनीच्या संचाभोवती फिरत आल्या आहेत. संचाची किंमत हजारोंमध्ये. कंपनीने माइंडस्टॉर्म्स ही आपली गाजलेली मालिका २०२२ अखेर बंद केली आणि शाळांनी नवा संच घ्यावा हे ओघाने आलं. ज्या शाळेच्या फीमध्येच "रोबोटिक्स शुल्क" असतं तिला फरक पडत नाही. जिल्हा परिषदेच्या ज्या शाळेने कशीबशी वर्गणी काढून जुना संच घेतला, तिच्या कपाटात आता अडगळ आहे. दुसरीकडे २००५ मध्ये इटलीत जन्मलेला आर्डुइनो बोर्ड आहे. त्याचा आराखडा खुला असल्यामुळे त्याच्यासारखे बोर्ड आपल्याकडे काही शे रुपयांत मिळतात. त्याला दोन साध्या मोटरी, एक मोटर ड्रायव्हर, एक सेन्सर आणि बॅटरी जोडली की रेषेवरून चालणारा रोबोट तयार होतो. सगळं मिळून एका बऱ्या बुटाच्या किमतीत. म्हणजे रोबोटिक्स मुळात महाग नाही. कोणता संच चालेल हे ठरवणारा नियम महाग आहे, आणि तो नियम लिहिताना आपल्यातलं कोणी त्या खोलीत नव्हतं.

आता जागेचा हिशोब. मी समाजकार्याचं काम करते, वह्या ठेवायची सवय आहे, त्यामुळे आकडे हाताशी आहेत. मराठवाड्यातल्या एका टोकाच्या तालुक्यातल्या वसतिगृहाच्या चार मुली, त्यांचे एक सर आणि मी असे सहा जण एका "विभागीय" फेरीला गेलो होतो. जवळपास सहाशे किलोमीटर. नोंदणी शुल्क ७,५०० रुपये. सरावासाठी मैदानाचं चित्र फ्लेक्सवर छापून घेतलं, २,२०० रुपये. जाण्यायेण्याचे ७,९०० रुपये. एसटीत बायका-मुलींना अर्धं तिकीट आहे म्हणून एवढ्यात भागलं. दोन रात्रींचा मुक्काम आणि जेवण ८,३०० रुपये. एकूण २५,९००. यात संचाचा खर्च नाही, तो एका माजी विद्यार्थ्याने वापरायला दिला होता. या चौघींपैकी दोघींच्या आया ऊसतोडीला जातात. हे पैसे कुठून आले? शिक्षकांनी काढले, एका पतसंस्थेतल्या बाबांनी दिले, आणि जयंती समितीच्या शिल्लक वर्गणीतून थोडे मिळाले.

पैशापेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त खुपली. स्पर्धा जिथे होती त्या शाळेचे स्वतःचे तीन संघ उतरले होते. ज्या टेबलावर स्पर्धा झाली तसलीच टेबलं त्यांच्या प्रयोगशाळेत कायमची मांडलेली. त्याच दिव्यांखाली, त्याच फरशीवर ती मुलं दोन महिने सराव करत होती. रोबोटचा प्रकाश ओळखणारा सेन्सर खोलीतल्या उजेडाप्रमाणे जुळवून घ्यावा लागतो. आमच्या मुलींनी तो वसतिगृहाच्या ट्यूबलाइटखाली जुळवला होता, तिथे छताला पांढरे प्रखर दिवे. पहिली फेरी त्यातच गेली. क्रिकेटमध्ये घरच्या मैदानाचा फायदा सगळ्यांना कळतो म्हणून सामने आलटून पालटून खेळवतात. इथे घरचं मैदान कायम एकाच घरचं असतं आणि निकालाला गुणवत्ता म्हणतात.

मग परीक्षकांची फेरी. आमच्या एका मुलीने चाकांवर सायकलच्या ट्यूबचे रबरी पट्टे चढवले होते, कारण चाकं फ्लेक्सवर घसरत होती. तिचा मामा मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात काम करतो, घर्षण म्हणजे काय हे ती त्या दुकानात शिकली. तिने हे मराठीत व्यवस्थित सांगितलं. परीक्षक हसले, "व्हेरी नाइस" म्हणाले आणि पुढचा प्रश्न इंग्रजीत विचारला, संघभावनेबद्दल. ती गप्प राहिली. त्या रकान्यात किती गुण मिळाले असतील ते सांगायला नको.

हे मी रडगाणं म्हणून लिहीत नाही. यात जातीची जी यंत्रणा आहे ती ओळखा. हजारो वर्षं या देशात ज्याने हातात अवजार धरलं तो खालचा ठरला. लोहार, सुतार, चर्मकार, कुंभार, दोरखंड वळणारा मांग, गावाचं पडेल ते काम करणारा महार. सगळी तंत्रविद्या याच लोकांच्या हातात आणि सगळी प्रतिष्ठा न राबणाऱ्यांच्या घरात. आता त्याच अवजाराला सेन्सर लागला, त्याला इंग्रजी नाव मिळालं, तसं ते वातानुकूलित हॉलमध्ये गेलं. आणि ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हात चालतात त्यांच्या मुलांना दारात नोंदणी शुल्क विचारलं जातं. पंखा, मिक्सर, मोबाइल, डीजेचा अॅम्प्लिफायर दुरुस्त करणारी किती पोरं आपल्या वस्त्यांत आहेत, मोजून बघा. त्यांना कोणी "इनोव्हेटर" म्हणत नाही. "मिस्त्री" म्हणतात.

आपल्यातूनच एक आक्षेप येतो, तो आधी घेते. "ताई, इथे भाकरीचे वांधे आहेत आणि तुम्ही रोबोटचं काय घेऊन बसलात?" हा आक्षेप प्रामाणिक आहे, पण बाबासाहेबांच्या वाटेवरचा नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खातं सांभाळताना त्यांनी विजेचा प्रश्न हाती घेतला. देशात माणसं दुष्काळात आणि युद्धाच्या महागाईत पिचलेली असताना ते स्वस्त आणि मुबलक विजेबद्दल बोलत होते, कारण औद्योगिकीकरणाशिवाय दारिद्र्यातून सुटका नाही हे त्यांना दिसत होतं. त्याच काळात अस्पृश्य विद्यार्थ्यांना परदेशी उच्च शिक्षणाला पाठवण्याची सोय त्यांनी सरकारकडून करून घेतली. १९४५ च्या ग्रंथात गांधीवादाचा समाचार घेताना त्यांनी यंत्राची बाजू घेतली आहे: यंत्र माणसाला फुरसत देतं आणि फुरसतीशिवाय संस्कृती उभी राहत नाही, असा तो युक्तिवाद. चरखा नाकारून यंत्र मागणाऱ्या माणसाचे आपण अनुयायी. यंत्र शिकणं आपल्याला चैन कधीपासून वाटू लागलं?

आणि जागेबद्दल बाबासाहेबांचा निर्णय तर आणखी बोलका आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ ला स्थापन झाली, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघालं. पुढचं कॉलेज मुंबईतच काढणं सोपं होतं. देणगीदार तिथे, प्राध्यापक तिथे, वर्तमानपत्रं तिथे. त्यांनी १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच आजचं मिलिंद महाविद्यालय. निजामाच्या राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यात पदवीचं शिक्षण म्हणजे हैदराबादची वाट धरणं होतं. बाबासाहेबांनी मराठवाड्याच्या मुलाला मुंबईची शिष्यवृत्ती देऊन विषय मिटवला नाही, कॉलेज त्याच्याकडे नेलं. मराठवाड्यातला दलित मध्यमवर्ग, तिथले लेखक, तिथली चळवळ यांचा इतिहास नागसेनवनाच्या त्या माळरानापासून सुरू होतो. संस्था कुठे उभी करायची या एका निर्णयाने दोन पिढ्या बदलल्या.

आता व्यवस्थेचा बचाव ऐकू. "या स्पर्धा खाजगी आहेत, पैसा खाजगी आहे, त्यांनी कुठे भरवायच्या हे सांगणारे तुम्ही कोण?" ठीक आहे, पैसा किती खाजगी आहे ते पाहू.

या स्पर्धांच्या बॅनरवर कंपन्यांचे लोगो असतात, आणि कंपन्यांचा शिक्षणावरचा हा पैसा बहुतेक वेळा सीएसआरमधून येतो. कंपनी कायदा २०१३, कलम १३५: ठरावीक आकाराच्या वरच्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक. म्हणजे हा दानधर्म नसून कायद्याने लावलेली जबाबदारी आहे. पण त्याच कलमात एक ओळ अशीही आहे की कंपनीने आपण जिथे काम करतो त्या परिसराला प्राधान्य द्यावं. वाचायला चांगली वाटते. कारखान्याच्या धुराने ज्यांची विहीर नासली त्या गावाला आधी मिळावं, हा हेतू योग्यच. प्रत्यक्षात काय होतं? कंपन्या मुंबई, ठाणे, पुणे पट्ट्यात, म्हणून त्यांचा "परिसर" तोच. हिंगोलीत, गडचिरोलीत, नंदुरबारमध्ये कारखाने कमी म्हणून रोजगार कमी, आणि कारखाने कमी म्हणून सीएसआरही कमी. एका अन्यायाची पावती दाखवून दुसरा करून घ्यायचा. आणि प्राधान्य द्या म्हणजे बाहेर देऊ नका असा अर्थ होत नाही. तो अर्थ सोयीसाठी काढला जातो.

शिवाय सरळ सरळ सरकारी पैसाही यात आहे. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून शाळांत अटल टिंकरिंग लॅब सुरू केल्या. एका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान: १० लाख उभारणीला आणि १० लाख पाच वर्षं चालवायला. देशभरात अशा दहा हजार लॅब झाल्या, आणि २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांत आणखी पन्नास हजार लॅबची घोषणा झाली. पण सुरुवातीपासून अर्जाच्या अटी बघा. सपाट प्रदेशातल्या शाळेकडे दीड हजार चौरस फुटांची बांधीव जागा हवी, शिवाय संगणक, इंटरनेट, वीज, शिक्षक. ज्या जिल्हा परिषद शाळेत दोन वर्ग एका खोलीत बसतात ती शाळा फॉर्म भरायलाच बसत नाही. ज्याच्याकडे आधीच हॉल आहे त्याला सरकारने २० लाख दिले. आणि ज्या सरकारी शाळांना लॅब मिळाल्या त्यातल्या काहींत मी स्वतः कुलूप पाहिलं आहे. थ्रीडी प्रिंटर प्लास्टिकच्या आवरणात, "मुलं मोडतील" म्हणून. मोडू द्या की. मोडल्याशिवाय कोण शिकलं?

बरं, सरकारला विकेंद्रित स्पर्धा भरवता येत नाही असं नाही. इथे मला खरा राग येतो. हौशी मराठी राज्य नाट्य स्पर्धा घ्या. सहा-सात दशकं राज्य सरकार ती भरवत आहे. प्राथमिक फेरी राज्यभरातल्या केंद्रांवर होते, परीक्षक त्या त्या केंद्रावर जाऊन नाटकं बघतात, संघांना सरकारकडून खर्चापोटी पैसे मिळतात. लहान शहरातल्या कामगाराने, कारकुनाने, शिक्षकाने नाटक केलं ते यामुळे. शालेय क्रीडा स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी होतात. विज्ञान प्रदर्शन तालुक्यापासून सुरू होतं. इन्स्पायर-मानक योजनेत निवडलेल्या शालेय मुलाच्या खात्यावर प्रकल्पासाठी केंद्र सरकार १०,००० रुपये जमा करतं आणि प्रदर्शन जिल्ह्यापासून वर चढतं. म्हणजे पायऱ्या बांधायचं ज्ञान या राज्याकडे आहे. रोबोट आला की मात्र पायऱ्या गायब होतात आणि थेट गच्ची दाखवली जाते.

पुण्याचंच उदाहरण घ्या. अभियांत्रिकी विद्यार्थ्यांची रोबोकॉन ही आशिया-पॅसिफिक स्तरावरची स्पर्धा. तिची आंतरराष्ट्रीय फेरी पुण्यात दोनदा झाली, २००८ आणि २०१४ ला. (२००८ चा विषय काय होता माहीत आहे? गोविंदा. रोबोटने लोणी काढायचं! विज्ञानाच्या स्पर्धेत विषय शोधायला गेले तर तिथेही हंडीच सापडली.) देशपातळीची फेरी कित्येक वर्षं बालेवाडीत होत असे. ते क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी सार्वजनिक पैशातून उभं राहिलं. म्हणजे सरकारी मैदानावर रोबोट धावू शकतो हे सिद्ध झालेलं आहे. मग विभागीय आणि तालुका क्रीडा संकुलं कशासाठी बांधली, फक्त लग्नाच्या मांडवाला?

आयआयटी मुंबईचा ई-यंत्र हा प्रकल्प तर आपल्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या पैशावर चालतो. महाविद्यालयीन मुलांची स्पर्धा आहे. निवड झालेल्या संघाला रोबोटचा संच विनामूल्य घरपोच पाठवला जातो, प्रशिक्षण ऑनलाइन मिळतं, महिनोन्‌महिने काम आपल्या गावातूनच करायचं आणि अंतिम फेरीला पवईला जायचं. खर्चाचा क्रम उलटा केला की काय होतं ते इथे दिसतं: आधी साधन, मग शिक्षण, शेवटी स्पर्धा. शाळांच्या पातळीवर हे करायला कोणी अडवलं आहे?

अमेरिकेतही हा वाद झाला. फर्स्ट या संस्थेच्या मोठ्या शालेय स्पर्धेत एका विभागीय फेरीचं शुल्कच काही हजार डॉलर असतं, वर मोठ्या सभागृहांचा थाट. मिशिगन राज्यात २००९ पासून वेगळी पद्धत सुरू झाली: फेऱ्या लहान केल्या, शाळांच्या व्यायामशाळांत नेल्या, आणि त्याच शुल्कात संघाला घराजवळ दोनदा खेळायची संधी दिली. पुढे त्या राज्याच्या अर्थसंकल्पातून संघांना अनुदानही मिळू लागलं. मोटारगाड्यांच्या कारखान्यांचं राज्य आहे ते, कामगारांच्या मुलांना यंत्र कळावं यात त्यांना स्वतःचा फायदा दिसला. भांडवलदारांच्या देशाला जे उमजलं ते फुले-शाहू-आंबेडकरांचं नाव भाषणाच्या सुरुवातीला घेणाऱ्यांना उमजू नये?

माझी सूचना साधी आहे. विभागीय फेरी आयटीआयमध्ये घ्या. आपल्याकडे बहुतेक तालुक्यांत शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. तिथे कार्यशाळा आहे, थ्री-फेज वीज आहे, लेथ आहे, वेल्डिंग आहे, फिटर आणि इलेक्ट्रिशियनचे निदेशक आहेत ज्यांना रोबोटचं चाक का अडकतं हे पुण्याच्या कोणत्याही समन्वयकापेक्षा लवकर कळेल. आणि तिथे आपली मुलं आधीपासून आहेत. आज आयटीआयकडे "नापासांची जागा" म्हणून बघतात. आठवीतली मुलगी तिथे रोबोट घेऊन गेली, फिटरच्या मुलाने तिला अॅल्युमिनियमची पट्टी कापून दिली, तर ती नजर कुठेतरी बदलेल. आयटीआय नसेल तिथे शासकीय तंत्रनिकेतन घ्या. वरच्या फेरीला नांदेडची सरकारी अभियांत्रिकी संस्था आहे, अमरावती, चंद्रपूर, यवतमाळ, जळगावची शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, महाडजवळ लोणेऱ्याला बाबासाहेबांच्याच नावाचं तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. ठिकाण दर वर्षी फिरवा, यजमान संस्थेचा संघ त्या वर्षी दुसऱ्या केंद्रावर खेळवा. परीक्षकांनी प्रवास करावा. त्यांना भत्ता मिळतो, आमच्या मुलींना मिळत नाही. प्रश्न मराठीत विचारा, गोंडी-भिली बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांचा शिक्षक शेजारी उभा राहू द्या. संचाच्या किमतीला कमाल मर्यादा घाला आणि खुल्या सुट्या भागांना परवानगी द्या. सायकलच्या ट्यूबलाही.

काही जण म्हणतात, सगळं ऑनलाइन करा, जागेचा वाद मिटेल. मिटणार नाही. सिम्युलेशनमध्ये चाक घसरत नाही. आणि टाळेबंदीत "ऑनलाइन" म्हणजे घरात किती फोन आणि त्यावर पहिला हक्क कुणाचा, हे आपण वस्त्यावस्त्यांत पाहिलं आहे. मुलींचा नंबर शेवटी लागला होता.

पैशाबद्दल मात्र सावध राहा. ही मागणी घेऊन तुम्ही गेलात की अधिकारी हसतमुखाने म्हणतील, "अनुसूचित जाती उपयोजनेतून करू या ना!" लगेच मान डोलवू नका. तो पैसा आपल्या लोकसंख्येच्या प्रमाणात आपल्या विकासासाठी राखलेला आहे. त्यातून सर्वांसाठीच्या स्पर्धेचा मांडव, पाहुण्यांचे हार आणि मंत्र्यांचं हेलिपॅड होता कामा नये. मे २०२५ मध्ये काय झालं ते विसरू नका: लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी रुपये वळवले गेले, खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली, आणि तरीही वळवले गेले. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ मध्येच या निधीला कायद्याचं कुंपण घातलं. महाराष्ट्रात तसा कायदा व्हावा ही आपली मागणी अजून मागणीच आहे. म्हणून वाटणी स्पष्ट ठेवा. स्पर्धा भरवण्याचा खर्च शालेय शिक्षण आणि कौशल्य विकास विभागाच्या सर्वसाधारण तरतुदीतून, किंवा जिल्हा वार्षिक योजनेतल्या नावीन्यपूर्ण योजनेच्या शीर्षाखाली. उपयोजनेतून फक्त आपल्या मुलांचा संच, प्रशिक्षण, प्रवास आणि मुक्काम, तोही शासकीय निवासी शाळा आणि वसतिगृहांतल्या मुलांच्या नावानिशी यादीवर. आदिवासी मुलांसाठी हीच वाटणी त्यांच्या उपयोजनेतून, आश्रमशाळांमार्फत.

हे "विभागीय अन्याय" वगैरे शब्द मी हवेत वापरत नाही. अनुशेष मोजायची पद्धत याच राज्याने शोधली. १९८३ मध्ये दांडेकर समिती नेमली गेली, १९८४ ला तिने रस्ते, सिंचन, शिक्षण अशा एकेका क्षेत्रात कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे ते आकड्यांत मांडलं. १९९४ ला विकास मंडळं आली. त्यांची मुदत २०२० च्या एप्रिलअखेर संपली आणि मोजणारं कोणी उरलं नाही. तर आपण मोजू. किती अटल लॅब कोणत्या तालुक्यात, त्यातल्या किती सरकारी शाळांत, किती चालू. मागच्या पाच वर्षांत शिक्षणाधिकाऱ्यांनी कोणत्या खाजगी रोबोटिक्स स्पर्धांसाठी शाळांना परिपत्रकं काढली आणि त्या कुठे झाल्या. समाजकल्याणच्या निवासी शाळांतून किती मुलं एकाही तंत्रस्पर्धेला गेली.

जयंती मंडळांनाही एक बोलायचं आहे, राग मानू नका. अठरा तास अभ्यासाचा उपक्रम आपण उभा केला, तो टिकवला. त्याच्या शेजारी एक टेबल टाका. दोन सोल्डरिंग गन, चार आर्डुइनो, वस्तीतला टीव्ही दुरुस्त करणारा दादा मार्गदर्शक. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात वर्षभराचं सामान येतं. पण हे सरकारच्या ऐवजी करायचं नाही. सरकारने ते बघून "समाज करतोय की" म्हणत हात झटकले, तर टेबल उचलून कलेक्टर ऑफिसच्या पायरीवर मांडायचं.

जिल्हा नियोजन समितीत पुढच्या वर्षाच्या आराखड्यावर चर्चा साधारण जानेवारी-फेब्रुवारीत होते. त्याआधी, म्हणजे दिवाळीनंतर लगेच, सहायक आयुक्त समाजकल्याण, शिक्षणाधिकारी माध्यमिक आणि आयटीआयचे प्राचार्य या तिघांना एकच निवेदन द्या आणि पोच घ्या. त्यासोबत वरच्या तीन प्रश्नांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. ज्या जिल्ह्यांतून उत्तरं येतील त्यांनी ती मला पाठवा, मी तालुकानिहाय तक्ता करून इथेच टाकते. लातूर, हिंगोली आणि वाशीमच्या साथींनी अर्ज लिहायला घेतले आहेत. गडचिरोली, नंदुरबार आणि पालघरमधून अजून कोणी पुढे आलेलं नाही.